पहिली फोड

वाटी पुन्हा टेबलाच्या अलीकडच्या, लेकीच्या बाजूच्या कडेला आली. बाबांनी ती डाव्या हाताने सरकवली होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडून होता.

लेकीने ती उचलून परत त्यांच्यापुढे ठेवली. वाटीत एका सफरचंदाचा गर होता. साल काढून, वाफवून, गाळणीतून दाबून काढलेला, बिनसाखरेचा, वर दालचिनीची चिमूट. नर्सबाईंनी सांगितलं होतं अगदी तसा. कच्ची फोड अजून दोन महिने नाही म्हणजे नाही.

"बाबा, अर्धाच चमचा. हनुवटी खाली घ्या."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. वाटी पुन्हा अलीकडे आली.

साडेचार वाजून गेले होते. पाचला नर्सबाई येणार आणि वाटी भरलेली दिसली की पिशवीतून नाकात घालायची नळी काढणार. त्यांनी परवाच सांगून टाकलं होतं, "तीन दिवसांत तोंडाने काही गेलं नाही, तर माझा नाइलाज आहे." आज तिसरा दिवस. मागच्या खेपेला बाबांनी नाकातली नळी दोनदा उपसून काढली, तेव्हा दवाखान्यात त्यांचा हा चांगला हात पलंगाला बांधून ठेवला होता. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासलेला हात दिवसभर त्या पट्टीच्या गाठीशी झगडत होता. लेकीला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

"थोडी साखर घालून बघ," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती पुढे येत नव्हती. परवा तिने भरवायला घेतलं आणि नेमकं त्यांनी तोंड फिरवलं. घास भलतीकडे गेला, ठसक्याने चेहरा काळानिळा पडला. तेव्हापासून तिने चमच्याला हात लावला नव्हता आणि स्वतःही धड जेवली नव्हती.

"साखरेचं काही नाही गं. हट्ट आहे नुसता."

हट्ट या घराला नवा नव्हता. चार वाजता दुकानातून आले की सफरचंद बाबाच कापणार, दुसऱ्या कुणी चाकूला हात लावायचा नाही. फोडीही अशा पातळ की उजेडाला धरल्या तर पलीकडची खिडकी दिसावी. आईने एकदा कापून ठेवलं तर म्हणाले, "लाकडं फोडलीस की काय?" आणि आता त्याच माणसापुढे हा लगदा ठेवायचा आणि वर आ करा म्हणायचं.

वाटी परत आली. या वेळी जोरात, थोडा गर टेबलावर सांडला. "अं," बाबा म्हणाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे तेवढाच एक आवाज उरला होता. हो, नाही, पाणी, उठवा, सगळ्याला तोच.

लेकीचा तोल गेला. "विष नाही घातलेलं त्यात," ती म्हणाली, आणि चमचाभर गर स्वतःच्याच तोंडात घातला. "हे बघा. झालं काही मला?"

बाबांनी मान डोलावली. मग हात लांबवून वाटी ओढली आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवली. दाराकडे बघत म्हणाले, "अं."

आईने चौकट सोडली. "अगं," ती हळूच म्हणाली, "वाटून देतायत ते."

लेक वाटीकडे बघत राहिली. पहिली फोड लेकीला, दुसरी बायकोला, तिसरी स्वतःला, आणि पुन्हा पहिल्यापासून. फोडी होत्या तोवर हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तीन दिवस ती याला नकार समजत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

आई खुर्चीवर बसली. लेकीने पुढे केलेला चमचा तिने खाल्ला. तिचे डोळे भरून आले होते.

बाबांनी तोंड उघडलं.

लेकीने बाबांसाठी वेगळा चमचा घेतला. हनुवटी खाली. अर्धा चमचा, जिभेच्या मधोमध. ओठ मिटले. कंठमणी हलेना. आईने टेबलाची कड धरली. घशात काहीतरी अडखळलं, बाबांचे डोळे मोठे झाले. ओरडायचं नाही, पाठ थोपटायची नाही, थांबायचं, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. लेक जीव मुठीत धरून थांबली.

कंठमणी वर गेला आणि खाली आला.

"आवाज द्या, बाबा." आवाज घरघरला तर घास अडकलाय असं समजायचं होतं.

"अं." कोरडा, स्वच्छ.

आणि वाटी लेकीकडे सरकली.

पाचला दहा कमी असताना बेल वाजली. तोवर चार फेऱ्या झाल्या होत्या आणि वाटी निम्म्यावर आली होती. नर्सबाई आत आल्या, चौथ्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि वाटीत डोकावल्या.

"निम्मी तर तशीच आहे," त्या म्हणाल्या. "आणि यातलं यांच्या पोटात किती गेलं?"

कुणी उत्तर देण्याआधीच बाबांनी हात लांबवला. वाटी टेबलावरून घासत गेली आणि नर्सबाईंच्या पुढ्यात थांबली.

"अहो, मी कामावर असताना काही खात नाही."

"खावं लागेल, बाई," लेक म्हणाली आणि धुतलेला चमचा त्यांच्या हातात दिला. "तुमच्यानंतर त्यांचा नंबर आहे."

नर्सबाईंनी एकदा बाबांकडे पाहिलं. मग मांडीवरची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली.