खिडकीखालचा जनरेटर

नाकाडोंगरीत खाणीतल्या पोकलेनपासून शेतातल्या पंपापर्यंत प्रत्येक इंजिनाच्या धुराचा अंदाज काढत प्रदूषणाच्या सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होतो. एका घराच्या खिडकीखालीच जनरेटर धडधडत होता, काळा धूर आत शिरत होता. मी चिडलोच. “बाई, हा आधी लांब न्या!” “वायर पुरत नाही, साहेब. परवाच्या वादळात लाईन गेली. मालकाले ऑक्सिजन देनारी मशीन याच्यावरच चालून राहिली.” आत खाटेवर तिचा नवरा होता, जन्मभर पोकलेन चालवून छाती निकामी झालेला. “दिवसाचे किती तास चालवता?” मी सवयीनं विचारलं. “बंद कव्हा करू, सांगा?” तेवढ्यात जनरेटर आचके देत थांबला. आत माणूस तडफडू लागला. ती जनरेटर सुरू करायची दोरी ओढत राहिली. मी बॅग फेकून दोरी हिसकावली, ओढली, पुन्हा ओढली. “धूर सोड रे बाबा,” इंजिनाला विनवत होतो, “धूर सोड!”