कपाटकाकांची रजा

“तीन दिवस ग्रंथालयाकडे फिरकायचं नाही. सरळ रजा टाका,” वकीलसाहेबांनी बजावलं.

“रजा? मी?” कपाटकाका उसळले. अडतीस वर्षांत तापाने फणफणले तरी त्यांनी रजा टाकली नव्हती. कायद्याच्या ग्रंथालयात मागेल त्याला पुस्तक काढून देणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा कोण अभिमान! एखादा वकील दारातूनच म्हणायचा, “काका, तो विहिरीच्या वाटेचा खटला...” वाक्य पुरं व्हायच्या आत खंड टेबलावर. रिकाम्या हाताने आजवर कुणी परत गेलं नव्हतं.

आणि आता ग्रंथालय चालवणारी संस्था त्यांनाच महिनाअखेरीस निवृत्त करायला निघाली होती. खरं तर दोन वर्षं बाकी होती. नोकरीला लागताना कारकुनाने कागद बघितलाच नाही. काकांची भरघोस मिशी बघितली आणि वय दोन वर्षांनी जास्त ठोकून दिलं. नोकरी मिळाल्याच्या आनंदात तेव्हा कोण बोलतंय? शाळेचा दाखला मात्र काकांनी जपून ठेवला होता. त्याच्याच जोरावर त्यांनी खटला भरला.

ती दोन वर्षं त्यांना हवीच होती. कुठलं पुस्तक कुठे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ते कार्डांवर उतरवायचं काम आत्ता कुठे निम्म्यावर आलं होतं. “मी गेलो की ते ग्रंथालय नाही, रद्दीचं दुकान,” असं ते बायकोला सांगायचे. बढाई होती, पण खोटी नव्हती.

“आपली बाजू भक्कम आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “एकच जुना निकाल आडवा येतो. नोकरी संपत आल्यावर वयाची नोंद बदलून मागता येत नाही, असं सांगणारा. त्याची प्रत फक्त तुमच्या ग्रंथालयात. सापडेल कुणाला?”

काका मिशीत हसले. “त्या खंडाच्या पाठीवरचा नावाचा कागद कधीच उडालाय. माझ्याशिवाय ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही.”

“मग शोधू दे ब्रह्मदेवाला. तुम्ही घरी बसा.”

काका घरी बसले. पहिला दिवस येरझाऱ्या घालण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून नव्याने लावले.

“अहो, मीठ कुठे गेलं माझं?” बायको कडाडली.

“दुसरी फळी, डावीकडून चौथा!” काकांनी बाहेरच्या खोलीतून सांगितलं.

“जिंका बाई एकदाचं, आणि जा तुमच्या त्या कपाटांकडे!” ती म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

चौथ्या दिवशी कोर्ट. काका कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. बायको मागच्या बाकावर बसली. समोर न्यायाधीशसाहेब दिसले आणि काकांची छाती फुगली. वकिलीच्या पहिल्या वर्षी हेच साहेब ग्रंथालयातल्या स्टुलावर बसून काकांनी काढून दिलेले खंड वाचायचे.

वकीलसाहेबांनी दाखला दाखवला. मिशीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले. साहेबांनीही मान डोलावली.

संस्थेची वकीलबाई अगदी नवीन होती. तिच्या काळ्या कोटाच्या बाहीला धूळ लागली होती.

“यांच्या विरोधात जाणारा एखादा निकाल आहे?” साहेबांनी तिला विचारलं.

“एक असल्याचं ऐकलं होतं, साहेब. तीन दिवस ग्रंथालयात शोधला. कपाटन् कपाट पालथं घातलं.” तिने मान खाली घातली. “तिथे नाही.”

वकीलसाहेबांनी टेबलाखाली काकांचा हात दाबला. मागे बायकोने पदराने डोळे टिपले. काकांचे कान मात्र लालबुंद झाले होते.

“म्हणजे ग्रंथालयात असा निकाल नाही. तसं नोंदवतो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“आहे, साहेब!” कपाटकाका ताठ उभे होते. “खिडकीजवळचं कपाट, खालून दुसरी फळी, उजवीकडून सातवा. पान तीनशे बारा.”