पहिल्या वर्षाची गाडी

चमचा ताटाच्या कडेला टेकल्याचा आवाज झाला आणि तिला कळलं, आजही दोन घासांवरच आटोपलं.

"तो आला की बसू दोघं," सासरे म्हणाले. "गाडीचा आवाज येईलच इतक्यात."

तिने ताट झाकून ठेवलं. समजावत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नजर अधू झाल्यापासून ते कानांवरच जगत होते. सदरा हल्ली खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. पोटात अन्न गेलं नाही तर औषधं फुकट, असं डॉक्टर स्पष्टच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारच्या काकूंना घरी बसवून, ती जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेली. लेकीला थोपटता थोपटता मोबाइलवर तिने सगळं वाचून काढलं होतं. कुठल्या वर्षाची गाडी टिकते, कुठली दगा देते, तिला आता पाठ होतं.

आवारात एकाच बनावटीच्या दोन दणकट गाड्या उभ्या होत्या, एक ती बनावट बाजारात आली त्या पहिल्या वर्षाची, दुसरी तिसऱ्या वर्षाची. दोन्ही करड्या. दलालाने तिसऱ्या वर्षाच्या मॉडेलवर हात ठेवला आणि डोळे झाकून हीच घ्या म्हणाला. पहिल्या वर्षाची वाऱ्यासारखी पळते खरी, पण इंजिनातली साखळी सैल पडते, गाडी उभी राहिली की खडखडते. एक दिवस साखळी तुटली की इंजिनावर पाणी सोडायचं.

"ती सुरू करा," ती म्हणाली.

डब्यात मूठभर चणे हलवावेत तसा आवाज आला. तिने डोळे मिटून तो नीट ऐकला.

"ऐकलंत ना? हवी तर साखळी बदलून देतो. आवाज बंद."

"नको. आवाज राहू दे."

दलाल तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, एकदा साहेबांना तरी विचारा."

"त्यांची पसंती हीच."

"म्हणजे हौस साहेबांची आणि पायपीट तुमची," तो हसला. तीही हसली, थकल्यासारखी.

संध्याकाळी तिने गाडी फाटकाशी आणून उभी केली. इंजिन मुद्दामच चालू ठेवलं. खडखड गल्लीभर पसरली.

आत खुर्ची सरकली.

"आला," सासऱ्यांचा आवाज खिडकीतून आला. "काकू, वाढा आता. भूक लागलीय."

पाठोपाठ ताटावरचं झाकण वाजलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती तशीच बसून राहिली.

लेक धावत आली. तिने गाडीच्या पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला, टाचा उंचावून पुढच्या सीटवर पाहिलं, मग मागच्या सीटवर.

"आई, आपली गाडी एवढी चेपली होती, तरी परत आली. मग बाबा का नाही आले?"