पहिलं रेकॉर्डिंग

"दोष तुमच्या कॅमेऱ्याचा आहे, आमच्या प्रोग्रामचा नाही," असं हेमांगीने लोककलांचा संग्रह करणाऱ्या दिघेसरांना ठणकावून सांगितलं होतं. सरांनी कॅमेरा बदलला आणि म्हाताऱ्या गोंधळ्याकडून अख्खं आख्यान पुन्हा गाऊन घेतलं. तेही रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये अर्ध्यावर तुटलं.

आज चूक सापडली. एवढ्या मोठ्या फाईलचा आकार हेमांगीने कोडमध्ये वापरलेल्या ‘इंट’मध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या छोट्या कप्प्यात, मावतच नव्हता. आकडा उलटून लहान व्हायचा आणि प्रोग्राम तेवढंच वाचून थांबायचा. तिने एक शब्द बदलला.

जुन्या कॅमेऱ्यावरचं पहिलं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत चाललं. "जमलं की," शेजारी बसलेले सर म्हणाले. तिला त्यांच्याकडे बघवेना.

पडद्यावर गोंधळ्याने धापा टाकत तुणतुणं खाली ठेवलं आणि कॅमेऱ्यामागे पाहिलं. "नीट आलं ना, सर? आता परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."