बाबांची टोपी

नेम तपासायचा कागद लावायला कुणी पुढे निघालं, की मार्लिसचे बाबा टोपी फिरवत. प्रत्येकाने आपल्या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवणारा दांडा, काढून तिच्यात टाकायचा. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. कुरणं पोखरणाऱ्या खारी मारायला डकोटाच्या माळावर जमणाऱ्या त्या कंपूचा हा कायदाच होता.

“आले पाद्रीबाबा दानपेटी घेऊन!” कंपूतला ड्वेन हसला.

“टाक मुकाट्याने. पुढे मी चाललोय, तू नाही.”

टोपी मार्लिसकडे देऊन ते उन्हात निघाले. तिचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. आज त्यांनी गळ्यातलाच चष्मा गाडीभर शोधला होता. तिने सगळ्या रायफली पुन्हा पाहिल्या. बाबांच्या रायफलीत बोल्ट तसाच होता. तो ओढला तर गोळी बाहेर आली. नळी त्यांच्या पाठीकडेच होती. तिने गोळी खिशात घातली, बोल्ट टोपीत टाकला.

परत आल्यावर बाबांनी टोपीत डोकावून पाहिलं आणि आपला बोल्ट ओळखला.

“मुद्दाम ठेवला होता,” ते म्हणाले. “म्हटलं, बघू तुझं लक्ष आहे का.”

मार्लिसने खिशातली गोळी मुठीत घट्ट धरली. “होतं, बाबा.”

सगळ्यांचे बोल्ट वाटून तिने टोपी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. दिवसभर ते उघड्या डोक्यानेच उन्हात बसून राहिले.