छर्रा का गोळी?

चांदोलीच्या रानात अस्वलानं वीरधवलचं तोंड फाडलं, तसं त्याच्या बापाचं, रिटायर सुभेदार हंबीररावांचं डोकंच फिरलं. दवाखान्यातून येताच त्यांनी बंदूक काढली आणि दोन तऱ्हेची काडतुसं हातात तोलून बघितली.

“छर्र्यानं त्ये नुस्तं पिसाळंल. गोळीच पायजे.”

“आवं, फारेस्टवालं बेड्या घालत्याल,” बायको बनुबाई कळवळली.

“घालू देत. आदी त्याला लोळवतो.”

रिकाम्या बंदुकीनं त्यांनी दाराकडं नेम धरून बघितला, तोच वीरधवलची चार वर्षांची लेक क्रांती उंबऱ्यात आली. आज्याकडं बघून ती जागीच थिजली आणि गळ्यातला ताईत तिनं मुठीत गच्च धरला.

पोरीनं कुणाला भिऊ नये म्हणून हंबीररावांनीच तो बारशाला बांधला होता. आत अस्वलाचा केस होता.