निळा खडू

“अगं बाई, किती गोड कृष्ण काढलाय!” म्हणत कुणाच्या तरी आजीनं बालवाडीच्या भिंतीवरच्या चित्राला हात जोडले. निळ्या चेहऱ्याचं ते चित्र माझ्या लेकीचं होतं. मीही कौतुकानं विचारलं, “बासरी काढायची राहिली का गं?”

“कृष्ण नाहीये तो. तू आहेस, बाबा!” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “रात्री मला झोप येत नाही ना, तेव्हा तू असा निळा दिसतोस. फोनमुळे.”

आजींनी जोडलेले हात हळूच सोडले. वर्गाच्या बाई दुसऱ्याच चित्राकडे बघू लागल्या. मागच्या पालकसभेत मीच उभा राहून सगळ्यांना सुनावलं होतं, की रात्री मुलांवर मोबाईलचा निळा उजेड पडू देऊ नका, त्यानं झोप उडते. टाळ्याही घेतल्या होत्या.

“चुकलं माझं, पिल्ला,” मी कसंबसं म्हटलं. “घरी जाऊन दुसरा बाबा काढू. नेहमीच्या रंगाचा.”

घरी तिनं खडूंची पेटी उघडली. बाकीचे अकरा खडू जवळजवळ नवे होते. निळा तेवढा नखाएवढा उरला होता.